तिसरीत नापास झालेला फोटो

स्वतःची स्तुती स्वतः करू नये, हे मला मान्य आहे. पण दुसरं कुणी करतच नसेल तर माणसानं किती दिवस वाट बघायची? म्हणून सरळ सांगतो: शिरूर तालुक्यात आकलन मी आणलं. माझ्या आधी इथं नुसतं वाचन होतं. पोरं धडा खडाखडा वाचायची, एसटीच्या कंडक्टरनं थांब्यांची नावं घ्यावीत तशी. पण "काय समजलं?" असं विचारलं की सगळा वर्ग वर छताकडं बघायचा. जणू उत्तर पंख्याला टांगून ठेवलंय!

मी हृतिक. हो, हृतिक गुरुजी. दोन हजार साली जन्मलो त्यात माझी काही चूक नाही. त्या वर्षी आमच्या आळीत जन्मलेला प्रत्येक जण हृतिक आहे, एक रेडासुद्धा. वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या कडेकडेनं उसातून वाट काढत गेलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा लागते. तिथं मी तिसरीला आहे. मुख्याध्यापिका अनिता मॅडम. त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. एकदा वर्गात नाग शिरला, तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हजेरी झालीय. आता कुणाला आत घेऊ नका."

तर, शिरूरला एक प्रशिक्षण झालं. चित्रांच्या पुस्तकांवरून मुलांना आकलन कसं शिकवायचं, याचं. जेवणात गुलाबजाम होते म्हणून मी शेवटपर्यंत थांबलो, आणि थांबलो म्हणून शिकलो. पद्धत सोपी आहे. पोरांना चित्र दाखवायचं आणि विचारायचं: काय दिसतंय? त्यावरून काय वाटतं? आणि पान उलटायच्या आधी विचारायचं, पुढं काय होईल? पोरानं काहीही सांगू दे, त्याला चूक म्हणायचं नाही. फक्त एवढंच म्हणायचं, "कुठं दिसलं?"

हे 'कुठं दिसलं' मी वर्गात सोडलं, आणि वाळल्या पाचटाला काडी लागावी तसं ते पसरलं!

पहिलं पुस्तक कोंबडीचं होतं. मुखपृष्ठावर कोंबडी छत्री आणि पिशवी घेऊन निघालेली, मागं दारात कोंबडा. 'कोंबडी बाजाराला चालली', असं उत्तर यायला हवं होतं.

"बाजाराला न्हाई," फेथ म्हणाली. फेथ पहिल्या बाकावर बसते, दोन वेण्या घालते आणि मोठेपणी वकील तरी होणार, नाहीतर सासू. "ती माहेरी चाललीय. कायमची."

"कुठं दिसलं?"

"पिशवीतनं कुकरची शिट्टी डोकावतीय. बाजाराला जाताना कुणी कुकर नेतं व्हय?"

मी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. शिट्टी होती!

"आन् कोंबडा बघा की," माऊली म्हणाला. ह्या माऊलीला चित्रातलं मधलं काही दिसत नाही, फक्त कोपरे दिसतात. "बायकू चाललीय आन् ह्यो मान खाली घालून मोबाईल बघतोय!"

"मग पुढं काय होईल?"

"त्यो उपाशी मरंल!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

पान उलटलं. कोंबडी माहेरच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती! माझे डोळे भरून आले. आकलन माझ्या डोळ्यांदेखत जन्माला आलं होतं. इथंच थांबलो असतो तर आज आदर्श शिक्षक असतो.

पण ह्याच सुमाराला माझं लग्न जमत होतं. जमत होतं म्हणजे मुलगी बघून झाली होती. दौंडची मोनाली. लॅबमध्ये रक्त तपासते. बघायच्या कार्यक्रमात तिनं मला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला शाळा आवडते की सुट्टी?" मी म्हणालो, "सुट्टी." ती खळखळून हसली. माझी आई साळूबाई हिनं मला कोपरानं ढोसलं, पण मी तोवर कामातून गेलो होतो. मला मोनाली इतकी आवडली, इतकी आवडली, की येताना मी माझी मोटारसायकल दौंडलाच विसरून एसटीनं घरी आलो.

आता सगळं तिच्या वडलांवर होतं. रखमाजीराव. रेल्वेतून रिटायर, आणि मिशी अशी की बघून सिग्नलनंसुद्धा घाबरून हिरवं व्हावं. ते जाताना एवढंच म्हणाले, "कळवतो." आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे आता ते तुमच्या न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांकडं चौकशी करणार. मी दोघांनाही चहा पाजून ठेवला आणि निर्धास्त झालो.

इतक्यात आमच्या वर्गातल्या स्वराजनं आकलन घरी नेलं.

स्वराज हा माजी सरपंच आनंदरावांचा नातू. आनंदरावांकडं ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, आणि बिनलग्नाचा धाकटा मुलगा दत्ताही आहे. मुलीकडच्यांना शेती पाहिजे असते, शेती करणारा नको असतो, त्यामुळं दत्ता बरीच वर्षं स्टॉकमध्ये होता. शेवटी एक स्थळ आलं. मुलीचा फोटो आला. घरात पेढे आले. आणि स्वराज फोटोकडं बघून म्हणाला, "ह्या काकू आपल्या घरी यायच्या न्हाईत."

पुढचं मला आनंदरावांनीच सांगितलं. सकाळी सकाळी शाळेत आले, डोक्याला हात लावून बसले.

"मास्तर, मी कानफाडणार व्हतो त्याला! पर म्हणलं, आधी इचारू. म्हणलं, कुठं दिसलं रं?"

"तुम्हीसुद्धा?" माझा ऊर भरून आला.

"तर ते म्हणतंय, आबा, फोटो घरात काढलाय आन् पायात चप्पल हाय. म्हंजी ती निघायच्या बेतात हाय. आन् मागल्या आरशात फोटू काढणारा पोरगा दिसतोय. त्यो रडतोय."

"बरं मग?"

"मग काय! मी इचारलं, आता पुढं काय व्हईल? ते म्हणलं, दोघं आळंदीला जात्याल." आनंदरावांनी आवाज खाली आणला. "काल आळंदीला लगीन लागलं त्यांचं. मास्तर, पोरांना तुम्ही हे शिकिवता काय?"

"आकलन, आबा."

"एकरी किती टाकायचं?"

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपला आणि बघतो तर फाटकाशी गर्दी! एरवी पालकसभेला मी दहा निरोप धाडले तरी एकट्या गिताबाई येतात, त्याही शाळेत खिचडी शिजवतात म्हणून. आज अख्खं गाव रांगेत, आणि प्रत्येकाच्या हातात फोटो! मुलींचे फोटो, मुलांचे फोटो, एकाच्या हातात तर काष्टीच्या बाजारातल्या म्हशीचा फोटो.

"घेऊ का?" म्हैसवाल्यानं तिसरीच्या वर्गाला विचारलं.

पोरं गप्प. कारण आमच्या वर्गाची शिस्त अशी की गुरुजींनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी विचारलं, "काय दिसतंय?"

"म्हैस मोठी न्हाई," स्वराज म्हणाला. "शेजारचा माणूस बुटका हाय."

"कुठं दिसलं?"

"बादली त्याच्या कमरंला लागतीय."

म्हैसवाल्यानं पोरांना हात जोडले आणि सौदा मोडायला निघून गेला.

मी अनिता मॅडमकडं धावलो. "मॅडम, लोक लग्नाचे फोटो घेऊन वर्गात बसलेत!"

"किती लोक?"

"सगळे!"

"मग लोकसहभाग म्हणून ॲपवर टाका," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा खिचडीची चव बघायला लागल्या.

बातमी नदी ओलांडून गेली. फोटो मोठ्या कागदावर रंगीत छापून आणायचा, असा नियम आपोआप पडला, कारण मोबाईलवर माऊलीला कोपरे दिसायचे नाहीत. केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले, लाल होऊन म्हणाले, "हा काय बाजार मांडलाय?" मग त्यांनी दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली आणि बॅगेतून पुतण्याचा फोटो काढला. शिरूरच्या एका फोटोवाल्यानं तर पाटीच लावली: 'तिसरीत पास होणारे फोटो काढून मिळतील!' तो मागं कोरी भिंत घ्यायचा. आरसा नको, फुलदाणी नको, पायात चप्पल नको, दोन्ही हात समोर. सगळ्या नवऱ्या मुली पोलीस ठाण्यात हजेरीला आल्यासारख्या दिसायला लागल्या. त्यावर फेथ म्हणायची, "काहीच दिसत न्हाई, गुरुजी. म्हंजी सगळंच लपिवलंय!"

पंचक्रोशीतली लग्नं ठप्प झाली. मला मात्र काही फिकीर नव्हती. माझं स्थळ नदीच्या पलीकडं, सुरक्षित होतं ना!

मग एका शनिवारी शाळेपुढं गाडी थांबली आणि तिच्यातून मिशी उतरली. मागून मोनाली.

"अहो, म्हणजे ते तिसरीचे मास्तर तुम्हीच होय!" रखमाजीराव म्हणाले. "हृतिकराव, वाईट वाटून घेऊ नका. न्हावी चांगलं बोलला, दूधवाला चांगलं बोलला. पण हल्ली सगळ्यांचे फोटो इथून पास होऊन जातात. तुमचा तेवढा राहिलाय." आणि त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. माझाच फोटो! कॅलेंडरएवढा!

मी मोनालीकडं बघितलं. ती मागच्या इवल्याशा बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसली होती आणि माझ्याचकडं बघत होती. ही मुलगी आता तिसरीच्या हाती होती.

"मी बाहेर थांबतो," मी म्हणालो.

"असं कसं, गुरुजी?" फेथ म्हणाली. "तुम्ही इचारल्याबिगर आमी बोलत न्हाई."

फोटो तसा झकास होता हो! मित्राच्या लग्नात, शिरूरच्या एका मंगल कार्यालयाबाहेर काढलेला. काळा कोट, गॉगल, मागं पांढरीशुभ्र गाडी, गाडीच्या बॉनेटवर माझा हात. गाडी कुणाची म्हणाल, तर मला काय माहीत! आमच्याकडं स्थळाच्या फोटोत गाडी लागतेच, आणि ती कुणाची हे विचारायची पद्धत नाही. लग्नात जी धुतलेली उभी असेल तिच्यापुढं पोरं रांग लावतात. त्या दिवशी माझ्यापुढं रांगेत दोघं होते.

मी फोटो फळ्याला लावला, घसा साफ केला. "मुलांनो, काय दिसतंय?"

"एक काका!"

मला हायसं वाटलं. पोरांनी ओळखलं नव्हतं. फोटोवाल्यानं मला इतका गोरा केला होता की माझ्या आईनंही आधी 'कोण पाव्हणं?' असं विचारलं होतं.

"काकांबद्दल काय वाटतं?"

"डायव्हर हाय," स्वराज म्हणाला.

"का बरं? मालक असतील. शिकलेले, मनानं चांगले..." असं सुचवायला प्रशिक्षणात सक्त मनाई आहे.

"मालक गाडीवर रेलतो, गुरुजी. ह्यानं हात टेकवलाच न्हाई. बघा, हाताखालनं उजेड दिसतोय!"

दिसत होता. बोटभर उजेड! गाडी उन्हात तापली होती, त्याला मी काय करणार?

"कोट बी त्याचा न्हाई," फेथ म्हणाली. "बाह्या बोटापातूर आल्यात. आन् तोंड गोरं, कान काळं. दोन माणसं जोडून एक केलाय."

"गाडी बी आपल्याकडची न्हाई," माऊली म्हणाला. "आपली एम एच बारा असती. ही बेचाळीस हाय. दौंडकडची."

रखमाजीरावांनी खिशातून चष्मा काढला.

"छान! चला, वेळ संपली!" मी फोटोकडं धावलो.

"गुरुजी, थांबा! ह्या काकांना मागनं टक्कल पडाया लागलंय!" माऊली ओरडला.

"कुठं दिसलं?" हे मी विचारलं नाही, किंचाळलो.

"काचंत. गाडीच्या काचंत पाठ दिसती की!"

देवाशप्पथ सांगतो, मला हे माहीत नव्हतं! माणूस जन्मभर आरशात पुढूनच बघतो. मागं काय चाललंय हे त्याला कोण सांगणार? माझा हात आपोआप डोक्याच्या मागं गेला. फेथची नजर माझ्या हाताबरोबर गेली. तिनं फोटो बघितला. मला बघितलं. परत फोटो बघितला.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "ह्यो काका तुम्हीच हाय."

मग शोध लागल्याच्या आनंदात सगळ्या पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या! इतकं यशस्वी आकलन प्रशिक्षण देणाऱ्यांनीही कधी बघितलं नसेल. मीही दोन टाळ्या वाजवल्या. दुसरं काय सुचणार?

"बाळा," रखमाजीराव माऊलीला म्हणाले, "गाडीच्या पाटीवरचा पुढचा नंबर वाच बरं."

"काकांचा, म्हंजी गुरुजींचा, गुडघा मधी आलाय. शेवटी सात-सात हाय." माऊली आणखी पुढं सरकला. "आन् काचंत अजून एक माणूस हाय. लांब, मांडवात. हातात जेवणाचं ताट हाय. गुरुजींकडं लई रागानं बघतोय. आन् त्याला मिशी..."

माऊली थांबला. सगळा वर्ग हळूहळू मागच्या बाकाकडं वळला.

रखमाजीराव उभे राहिले होते. मिशी थरथरत होती. बाहेर शाळेच्या फाटकाशी पांढरी गाडी उभी होती, आणि तिच्या पाटीवर शेवटी सात-सात होते.

"मी तेव्हाच म्हणत होतो! कोण हे बेणं माझ्या गाडीला हात लावतंय! ताटात गरम जिलेबी होती म्हणून उठलो नाही, नाहीतर तेव्हाच..."

"गाडीला हात लागला नव्हता हो!" मी म्हणालो. "आत्ताच सिद्ध झालंय! हाताखाली उजेड आहे!"

मोनालीनं ओढणी तोंडावर धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, मला काही कळेना. तालुक्यात आकलन आणणाऱ्याला!

"मास्तर," रखमाजीराव दात आवळून म्हणाले, "शेवटचा प्रश्न राहिलाय."

"नको ना."

"विचारा. पद्धत ती पद्धत."

मी फळ्याकडं तोंड करून विचारलं, "मुलांनो, पुढं... पुढं काय होईल?"

"मार बसंल!" स्वराज उत्साहानं म्हणाला, आणि अर्ध्याहून जास्त वर्गानं माना डोलावल्या. फेथ मात्र हात वर करून उभी राहिली. तिनं एकदा मोनालीकडं बघितलं.

"एका पानावरनं गोष्ट कळत न्हाई, गुरुजी. ताईंनी पुढची पानं बघाया पायजेल."

"बघते मी," ओढणीमागून आवाज आला.

दारात अनिता मॅडम उभ्या होत्या. त्यांनी फोटो बघितला, मिशी बघितली, मला बघितलं. "मधली सुट्टी झालीय," त्या म्हणाल्या.

अशी पुढची पानं सुरू झाली. रखमाजीरावांनी अट घातली: भेटायचं ते न्हावरे गावात, म्हणजे दोघांना मधे पडेल. ते स्वतः बरोबर असणार. आणि तिसरीतलं एक पोर चित्र वाचायला हजर पाहिजे. फेथचं आजोळ न्हावऱ्यालाच, म्हणून नेमणूक तिची झाली.

परवाच्या रविवारी आम्ही चौघं तिथल्या चौकातल्या हॉटेलात बसलो होतो. चहा झाला. टेबलावर एका बशीत फेथची जिलेबी आणि दुसऱ्या बशीत एकच भजं उरलं होतं. रखमाजीराव हात धुवायला उठले. हीच वेळ! आठवडाभर मी घरच्या म्हशीपुढं तालीम केली होती. मी म्हणालो, "मोनाली, मला तुम्ही खरंच फार आवडता."

मोनाली फेथकडं वळली. "काय गं? खरं आहे का?"

फेथनं मला नीट न्याहाळलं. डावीकडून, उजवीकडून. "खरं हाय, ताई. कान लाल झाल्यात."

मी छाती फुगवली.

"पर नजर भज्यावर हाय."

मोनाली हसली. अगदी त्या पहिल्या दिवशीसारखी. आणि तिनं बशी माझ्याकडं सरकवली. आता एखादी मुलगी प्रेमानं बशी सरकवते तेव्हा माणसानं काय करायचं? मी अख्खं भजं तोंडात टाकलं.

तेवढ्यात मिशी पुसत रखमाजीराव आले. त्यांनी रिकाम्या बशीकडं बघितलं. मग माझ्या फुगलेल्या गालाकडं बघितलं. त्यांना तिसरीतल्या कुणाची गरज पडली नाही.

"ते भजं मी माझ्यासाठी ठेवलं होतं," ते जड आवाजात म्हणाले. "आधी गाडी. आता भजं. मोनाली, माझं म्हणून काही शिल्लक ठेवणार आहे का हा माणूस?"

मोनाली चहाच्या कपात बघत हळूच म्हणाली, "मी आहे की अजून, बाबा."

हॉटेलातला पंखासुद्धा थांबला. म्हणजे वीज गेली होती, पण थांबला हे खरं. माणसाच्या जन्मात असा क्षण एकदाच येतो! मला काहीतरी सुंदर बोलायचं होतं. निदान 'बरं' तरी म्हणायचं होतं. पण ते भजं मिरचीचं निघालं. न्हावऱ्याची मिरची! माझ्या डोळ्यांतून, नाकातून घळाघळा पाणी वाहायला लागलं, हुंदके यायला लागले.

रखमाजीराव बघतच राहिले. त्यांची मिशी हळूहळू खाली आली. "अरे, अरे," ते गहिवरून म्हणाले, "इतका जीव आहे होय पोरीवर!" आणि त्यांनी मला उठवून छातीशी धरलं.

त्यांच्या खांद्यावरून मला फेथ दिसली. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. तिचा हात वर जायला लागला होता, तोंड उघडायला लागलं होतं.

मी डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं आणि मोकळ्या हातानं जिलेबीची बशी गुपचूप तिच्या आणखी जवळ सरकवली.